वही मुलाची, वेळ घराची

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. तेव्हा महाराष्ट्राचं प्रमाण होतं ९२९. इथे मुली जास्त जन्मतात असं काही नाही. कमावते पुरुष मुंबई-ठाण्यात, आखातात नाहीतर बोटीवर असतात, म्हणून आकडा असा दिसतो. मुलांच्या अभ्यासावरच्या प्रकरणात हा आकडा आधी सांगायचा, कारण संध्याकाळी सात वाजता सहावी-सातवीतलं मूल दप्तर उघडतं तेव्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या कितीतरी घरांत त्याच्यासमोर आई किंवा आजी असते आणि बाबा फोनवर असतात.

त्या आईची शाळा कधी सातवीला सुटलेली असते, कधी दहावीला. मुलाचं गणित आणि विज्ञान आता सेमी इंग्रजीत असतं. वही उघडली की त्यात इंटिजर आणि इक्वेशन दिसतात. “मला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणून ती मुलाला क्लासला घालते, नाहीतर वाडीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या ताईकडे पाठवते. स्वतःचं काम संपलं असं तिला वाटतं. तिचं खरं काम मात्र इथूनच सुरू होतं.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते आणि संस्कृतचे जाणकारही. मुलाचा अभ्यास घ्यायला घरातच गुरुजी होते. अशी घरं तेव्हाही मोजकी होती, आजही आहेत. पण सहावी ते आठवीच्या वयात पालकाने गृहपाठ शिकवावा अशी गरजच नसते. मुलाला हवी असते ठरलेली वेळ, ठरलेली जागा, रोजची विचारपूस आणि अभ्यासाची सूत्रं हळूहळू स्वतःच्या हाती येणं. यांपैकी एकाही गोष्टीला पदवी लागत नाही.

सहावीत नेमकं काय बदलतं?

चौथीपर्यंत बहुतेक मुलांना सगळे विषय एकच बाई किंवा एकच गुरुजी शिकवतात. मूल कशात अडलंय हे त्यांना ठाऊक असतं. पुढे प्रत्येक विषयाला वेगळे सर येतात. गणिताच्या सरांनी दिलेली दहा उदाहरणं आणि इतिहासाच्या बाईंनी दिलेली पाच प्रश्नोत्तरं एकाच संध्याकाळी येऊन पडतात, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नसतं. कोकणातल्या वाडीवस्तीच्या मुलांना या काळात शाळाही बदलावी लागते. वाडीतली छोटी शाळा संपते, मग मोठ्या गावातली शाळा, मग हायस्कूल. त्यासोबत एसटीची वेळ येते, घाटीची चाल येते, आणि घरी पोचेपर्यंत मूल दमलेलं असतं.

विषयही कूस बदलतात. पाचवीपर्यंतचं गणित बोटांवर, पैशांत, डझनांत दाखवता येतं. सहावीत शून्याच्या डावीकडच्या संख्या येतात, अक्षरं घेऊन समीकरणं येतात. सातवीत बैजिक राशी, घातांक, व्यस्त प्रमाण. आठवीत अपरिमेय संख्या आणि चक्रवाढ व्याज. नुसत्या पाठांतरावर इथे फार काळ निभाव लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवी हा शाळेचा स्वतंत्र टप्पा धरला आहे.

आणि मूल स्वतःही बदलत असतं. अकरा ते चौदा हे वय असं की आईने शेजारी बसून बोट ठेवून शिकवलेलं त्याला नको असतं, पण आईने लक्षच दिलं नाही तर तेही चालत नाही. दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं असतं.

शिकवू नये, असं संशोधन का सांगतं?

अमेरिकेतल्या नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये या वयोगटातल्या मुलांच्या पालकांवर झालेल्या पन्नास अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. पालक काय काय करतात आणि त्याचा मुलांच्या अभ्यासाशी कसा संबंध दिसतो, हा त्यांचा प्रश्न होता. सगळ्यात चांगला संबंध दिसला तो बोलण्याचा. शिक्षण कशासाठी, आज शिकतोस ते पुढे कुठे लागेल, तुला काय व्हावंसं वाटतं, त्यासाठी आता काय करायला हवं, हे घरात बोललं जाणं सगळ्यात उपयोगी ठरलं. पालकांचं शाळेत जाणं-येणं त्याच्या मागे. आणि गृहपाठाला थेट मदत करण्याचा संबंध चक्क उलटा निघाला: जिथे अशी मदत जास्त, तिथे प्रगती थोडी कमी.

यावरून मदत हीच विषारी असते असं समजू नये. अडलेल्या मुलालाच जास्त मदत मिळते, हे त्यातलं एक साधं कारण आहे. पण दुसरंही आहे. आपण आपल्या काळच्या पद्धतीने भागाकार मांडतो, सर वेगळ्या पद्धतीने शिकवतात. मूल दोन्हींच्या मध्ये अडकतं. मग आवाज चढतो, “एवढंही येत नाही?” असं तोंडून निघून जातं, आणि गणिताबरोबर भांडणाची आठवण चिकटते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं की ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे त्यांनी वारंवार गृहपाठ घेतला, तर वर्षअखेर मुलं गणितात मागे राहिली आणि ती धास्ती मुलांतही उतरली. धास्ती असलेल्या पालकांनी गृहपाठात फारसं लक्ष घातलं नाही, तिथे असा परिणाम दिसला नाही.

२००८ च्या आणखी एका मोठ्या आढाव्यात एरिका पटॉल आणि हॅरिस कूपर यांच्या गटाला दिसलं की गृहपाठ कधी आणि कुठे करायचा याचे घरातले नियम उपयोगी पडतात. म्हणजे ज्या गोष्टीला शिक्षण लागत नाही, तीच गोष्ट कामाची ठरते.

रोजचा एक तास

किती वेळ? याचं सरकारी उत्तर आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा, सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तासाचा, आणि त्यापुढे दोन तासांचा. शाळा आणि क्लास दोन्हींचा गृहपाठ मिळून मूल रोज तीन तास वही भरत असेल, तर मेहनत चालली आहे असं समजून खूश होण्यात अर्थ नाही. शाळेशी किंवा क्लासशी बोलण्याची ती वेळ आहे.

हा तास रोज एकाच वेळी यावा. पण कोकणात वर्षभर एकच घड्याळ चालत नाही. जून ते सप्टेंबर पावसात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. म्हणून त्या चार महिन्यांत शाळेतून आल्यावर खाऊन, उजेड आहे तोवर लिहायचं काम उरकावं आणि अंधारात पाढे, कविता, तोंडी उजळणी ठेवावी. लावणीच्या दिवसांत घरची माणसं शेतात असतात, तेव्हा मुलाची वेळ आधीच ठरवून द्यावी. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं, शिमग्यात पालखी दारात येते. त्या दिवसांत अभ्यास होईल असं धरूच नये. सुट्टीचा गृहपाठ गणपती येण्याआधीच्या आठवड्यात संपवायचा, हे कॅलेंडरवर मुलाच्या हाताने लिहून घ्यावं. वार्षिक परीक्षेचे दिवस आंब्याच्या हंगामात येतात. पेट्या भरायला मूल मदत करत असेल तर हरकत नाही. फक्त कोणत्या वेळात नाही, हे त्याच्याशी ठरवावं.

जागा म्हणजे वेगळी खोली आणि टेबल नव्हे. ओटीवरचा पाट चालतो, स्वयंपाकघरातला कोपरा चालतो. तीन गोष्टी बघाव्या: उजेड डाव्या बाजूने यावा (मूल डावखुरं असेल तर उजव्या), टीव्ही नजरेसमोर नसावा आणि फोन हाताशी नसावा. बाबांचा मुंबईहून फोन याच तासात येत असेल, तर बाबांनी वेळ बदलावी. चाकरमानी बापाने अभ्यासाला केलेली ही पहिली मदत. तास संपल्यावर फोन करून “आज काय जमलं?” असं विचारणं ही दुसरी.

या तासात एक सवय लावावी. धडा तीनदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मग पुस्तक उघडून काय सुटलं ते बघायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची अशी परीक्षा घेणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. आईला फक्त कागदाकडे बघून “काय सुटलं?” एवढं विचारायचं आहे. उत्तर बरोबर की चूक, हे पुस्तक सांगेल.

आणि झोप. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि त्यापुढे आठ ते दहा तास झोप लागते, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. राहिलेल्या दोन उदाहरणांसाठी अकरा वाजेपर्यंत जागवण्यापेक्षा वही तशीच शाळेत जाऊ द्यावी. सरांना खरं चित्र कळेल.

काय विचारावं, काय नको

“आज शाळेत काय शिकवलं?”

“काय नाय.”

हा संवाद जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात रोज होतो. प्रश्नच असा आहे की त्याला दुसरं उत्तर सुचत नाही. त्याऐवजी नेमकं विचारावं. कुठल्या तासाला डोकं जास्त खाजवावं लागलं? सरांनी फळ्यावर कुठलं चित्र काढलं? वर्गात कोणी असा प्रश्न विचारला का, की सरांनाही थांबावं लागलं? आजच्या गृहपाठात सोपं कुठलं, अवघड कुठलं? शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण उत्तर देण्यासाठी मुलाला आधी सगळा गृहपाठ नजरेखालून घालावा लागतो.

मूल अडलं तर उत्तर सांगू नये, उत्तर येत असलं तरीही. “हे उदाहरण मला समजावून सांग” म्हणावं. समजावताना नेमकं कुठे थांबतं ते बघावं. बऱ्याचदा तिथेच त्याला स्वतःला वाट सापडते. नाहीच सापडली तर त्या उदाहरणापुढे पेन्सिलीने खूण करायची आणि उद्या सरांना विचारायचं. खूण केलेलं उदाहरण म्हणजे नामुष्की नव्हे, ते उद्याचं काम आहे, हे घरात स्पष्ट असलं पाहिजे. तपासताना आधी बरोबर आलेल्यावर बोट ठेवावं. कौतुकही नेमकं असावं: “हुशार आहेस” म्हणण्यापेक्षा “काल अडलेलं आज स्वतः सोडवलंस” हे मुलाला पुढच्या वेळी उपयोगी पडतं.

आईला येतं ते पुस्तकात आहे

“मला काय कळतंय” म्हणणारी आई बचत गटाची सदस्य असते. गटातून पाच हजार घेतले, व्याज शेकडा दरमहा दोन रुपये, तर महिन्याला शंभर आणि सहा महिन्यांत सहाशे, हे ती तोंडी सांगते. सातवीच्या पुस्तकात सरळव्याजाच्या धड्यात द.सा.द.शे. म्हणून जे येतं ते हेच. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. मुलाला गटाचं पासबुक दाखवून हिशेब त्याच्याकडून करून घ्यावा आणि बँकेच्या दराशी ताडून बघायला सांगावं.

लावणीला आठ बायका आल्या तर तीन दिवस लागतात. सहाच आल्या तर किती? चार. माणसं घटली की दिवस वाढतात, पण गुणाकार चोवीसच राहतो. व्यस्त प्रमाणाचं इतकं चोख उदाहरण क्वचित मिळेल. वाशीच्या मार्केटमधून आंब्याची पट्टी येते. पेट्यांची रक्कम, त्यातली कपात, हातात आलेले पैसे हे मुलाने वाचावं आणि कपात शेकडा किती झाली ते काढावं.

मिरकरवाड्यातल्या, हर्णैच्या किंवा जयगडच्या मुलाला सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी येते. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे का सरकते, ते पुस्तक चंद्राच्या भ्रमणाने समजावतं. घरातल्या आजोबांकडे किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुलाने आठवडाभर किनाऱ्यावर जाऊन वेळ नोंदवावी आणि ठोकताळा आपल्या गावात किती मिनिटांनी चुकतो ते मोजावं. आजोबांचा अनुभव, सरांचा धडा आणि मुलाची वही एका कामात येतात.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉयस एपस्टाईन यांनी शिक्षकांसाठी अशाच गृहपाठाची पद्धत बसवली आहे. त्यात मुलाने घरच्यांना विचारायचं, सांगायचं, त्यांच्यासोबत मोजायचं असतं. घरच्यांनी शिकवायचं नसतं. आपल्याकडे अशा गृहपाठाला लागणारं सामान घराघरात पडून आहे.

सेमी इंग्रजी, क्लास आणि गाईड

सेमी इंग्रजीच्या भिंतीला एक दरवाजा आहे आणि तो फुकट उघडतो. बालभारती गणित आणि विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत काढते, आणि धडे सारखेच असतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत उतरवून घेता येतात. इंग्रजी पुस्तकातला धडा कळला नाही की मराठी पुस्तकातला तोच धडा काढावा. आईलाही विषय कळतो, मुलालाही संकल्पना आधी मातृभाषेत बसते. मग इंग्रजी शब्द शिकणं तेवढं उरतं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांत शब्दांची यादी करावी: पूर्णांक आणि इंटिजर, छेद आणि डिनॉमिनेटर.

क्लास लावायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण क्लास लावला म्हणजे अभ्यास झाला असं नाही. तिथेही कोणीतरी सांगतं आणि मूल लिहून घेतं. एक गोष्ट पालकांना माहीत असावी: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. शाळेच्याच सरांकडे क्लास लावावा लागतोय असं वाटलं, तर प्रश्न शाळेत विचारायचा.

गाईडातून उतरवलेलं उत्तर आणि फोनवर फोटो काढून मिळवलेलं उत्तर यांत फरक नाही. दोन्हींत वही भरते, डोकं भरत नाही. बंदी घालून हे थांबत नाही. साधा नियम करावा: आधी स्वतः लिहायचं, मग गाईड किंवा फोन उघडून ताडून बघायचं, आणि उतरवलेलं उत्तर पुस्तक मिटून तोंडी सांगता आलं पाहिजे.

शाळेशी बोलायचं कसं

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, त्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. समितीच्या सभेत शौचालयाची दुरुस्ती आणि स्नेहसंमेलन यांवर चर्चा होते, गृहपाठावर क्वचितच. कुठल्या वारी कुठल्या विषयाचा गृहपाठ, एवढं वेळापत्रक वर्गात लावा, ही मागणी समितीने करावी. तिला पैसा लागत नाही आणि मुलाची संध्याकाळ मोकळी होते.

गृहपाठ झाला नाही म्हणून मारणं किंवा सगळ्यांसमोर पाणउतारा करणं कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. हे घरालाही लागू आहे असं समजून वागावं. सरांना चिठ्ठी लिहायची तर तक्रार लिहू नये, माहिती लिहावी: “काल तासभर बसूनही अपूर्णांकांच्या भागाकारात अडला. कृपया बघावं.” बहुतेक शिक्षकांना अशी चिठ्ठी हवीच असते.

शासनाचं धोरण बदलत राहतं. आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतच २०२३-२४ मध्ये वहीची कोरी पानं जोडण्यात आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. पानं जोडून किंवा काढून अभ्यासाची सवय लागत नाही. ती घरातच लागते.

आठवीपर्यंत हात काढून घ्यायचा

सहावीत आईने रोज वही बघावी आणि वेळेची आठवण करावी. सातवीत आठवण करणं थांबवावं. आठवड्याचं वेळापत्रक मुलाने स्वतः करावं आणि आईने रविवारी एकदा त्याच्यासोबत बघावं. आठवीत मुलाने मागितली तरच मदत करावी. मध्ये एखादा महिना घसरेल, चाचणीत गुण कमी येतील. तेव्हा घाबरून पुन्हा शेजारी जाऊन बसू नये. काय चुकलं ते त्यालाच विचारावं. ही घसरण सातवीत झालेली परवडते, बारावीत परवडत नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात वर्षानुवर्षं पहिला येतो. २०२५ मध्ये निकाल ९८.८२ टक्के लागला. आपल्या मुलाच्या दहावी पास होण्याची काळजी सहावीपासून करण्याचं कारण इथे फारसं नाही. काळजी करायची ती दहावीनंतरची. मूल पुण्याला, मुंबईला, कोल्हापूरला जाईल, खोली घेऊन राहील, आणि “अभ्यासाला बस” असं म्हणायला तिथे कोणी नसेल. त्या दिवसाची तयारी सहावी ते आठवीत होते. म्हणून आजपासून एवढंच ठरवा: तास आणि जागा आपण द्यायची, प्रश्न आपण विचारायचे, पेन मात्र मुलाच्याच हातात राहू द्यायचं.